धोंडाबाईच्या खोलीपर्यंतची वायर

मुंबई नाका मागे पडला, तरी पांडवलेणी अजून लांबच होती. चौऱ्याऐंशी सालची वैशाख पौर्णिमा. वस्तीतली माणसं पुढे निघून गेली. सावळीरामभाऊ मात्र माझ्या दमाने चालत होते. अंबडच्या कारखान्यात ते वायरमन. विहारात बायकांची वंदना मी घ्यायची, म्हणून मला ताई म्हणायचे.

त्यांची आई धोंडाबाई माझ्याच शेजारी बसून वंदना म्हणायची. पाय गेले आणि ते सुटलं. लेकाच्या घरी यायलाही तयार नाही. "माझी खोली सोडायची नाय," एवढंच. खोली चार घरं पलीकडे. तिला वंदनेची कॅसेट ऐकवायची म्हणून भाऊंनी आपल्या घरच्या टेपपासून वळचणीने वायर नेली आणि आईच्या खाटेच्या दोन्ही बाजूंना स्पीकर ठेवले. तरी म्हातारी म्हणे, "काय कुजबुजतोय रे ह्यो? उपाशी हाय का?"

"वायर बारीक पडली, ताई," भाऊ सांगत होते. "दारावरच्या बेलला चालती. एवढ्या लांब आवाज वाटेतच मरतो. मग जाड ओढली."

ओढताना मी पाहिलं होतं. भर उन्हात शिडीवर, पण कुणाचं एक कौल हलू दिलं नाही. वायरीच्या दोन्ही तारा एकाच रंगाच्या, म्हणून स्पीकरच्या लाल खुणेला लावायच्या तारेला त्यांनी गाठ मारून ठेवली.

सफेदीच्या वेळी त्यांच्या बायकोने, सिंधुबाईने, स्पीकर काढले आणि गाठीही सोडवल्या. "गुंता दिसला, सोडवला!" परत जोडताना एका स्पीकरची तार उलटी लागली. आवाज पोकळ झाला, रांजणात तोंड घालून बोलावं तसा. भाऊ चिडले नाहीत. टॉर्चचा सेल लावून कोणत्या तारेने स्पीकरचा पडदा बाहेर येतो ते पाहिलं, पुन्हा गाठ मारली.

"ही लग्नाची गाठ समज. हात नाय लावायचा."

"ती सुटत असती तर कवाच सोडली असती!" सिंधुबाई म्हणाली.

इतकी माया करणारा, आणि ती मिरवत न फिरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"आता ऐकू येतं ना आईला?" चालता चालता मी विचारलं.

"समदं येतं. तीच पंचाईत झाली. कॅसेटवाला थांबत नाय. आईची पहिली ओळ होईस्तोवर त्याची तिसरी. काल म्हणाली, बंद कर, मला मागं टाकून पळतो. भिंतीकडं तोंड करून निजली."

भाऊ रस्त्याच्या कडेला थांबले.

"ताई, तुमच्या आवाजात वंदना भरून द्याल? विहारात म्हणता तशीच. फक्त दर ओळीमागं थांबा. आईची ओळ होईस्तोवर."