ओल्या विटांचा वास

माझं अक्षर वाईट आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली.

आज कोपरला, आमच्या आताच्या घराशेजारी, नव्या इमारतीच्या भिंतींवर पाणी मारत होते. ओल्या विटांचा वास आला आणि मला मोहने गावाजवळची आमची शेतातली विहीर आठवली.

नणंदेच्या लग्नासाठी ह्यांनी वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतली होती. बदल्यात शेतातली वरची माती त्याला द्यायची ठरली. त्याने अर्धं शेत खरवडून नेलं, बांधावरची आंब्याची झाडंही तोडून भट्टीत जाळली. पुढच्याच उन्हाळ्यात विहीर आटली. मुलगी तापाने फणफणली होती आणि तिच्या कपाळावर पट्टी ठेवायलाही पाणी नव्हतं. मी तळाशी उतरून करवंटीने झरा खरडत होते. हाती नुसता चिखल येत होता.

"वर ये गं. पाऊस पडला की भरेल," हे काठावरून म्हणाले.

"पाऊस परंल रं," सासूबाई म्हणाल्या, "पन त्याला धरंल कोन? माती तू इकलीस, बांधावरची झारं जालली."

तेव्हा मला सासूबाईंचाच राग आला होता. मुलगी वाचली. पाऊसही पडला, पण उघड्या मुरमावरून सरळ नदीकडे पळाला आणि विहीर दिवाळीआधीच कोरडी झाली. उरलेलं शेत तरी वाचावं म्हणून उचल पैशांत परत करायची ठरवली आणि मी पाटल्या मोडल्या. भट्टीवाल्याने नेलेली माती उचलीतून वजा केलीच नाही, तिचेसुद्धा पैसे परत मागितले. आम्ही तेही दिले, सगळी उचल फेडली.