आईला पाणी दाखवलं तेव्हा

नव्वदच्या दशकात मी राजूरच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि दोन खोल्यांत एकटी राहायचे. दादा, म्हणजे माझे वडील, जाऊन वर्ष होत आलं होतं. आई पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी एकटीच होती. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला राजूरला आणलं. आठ दिवसांसाठी, असं तिला सांगितलं होतं. मनात मात्र होतं, की हिला आता परत जाऊ द्यायचं नाही.

माझी सगळी भिस्त पाण्यावर होती. आमच्या गावात चार हंडे भरायचे तर अख्खी सकाळ जायची. इकडे पाऊस उघडून महिना झाला तरी डोंगर गळतच असायचे. म्हटलं, रोज थोडं चालवू, एकेक धबधबा दाखवू, बाई आपोआप विरघळेल.

पहिल्या दिवशी रंधा. प्रवरा धाडधाड खाली कोसळत होती, तुषार तोंडावर येत होते. मी कौतुकाची वाट बघत उभी. आईनं तोंडाला पदर लावून बराच वेळ बघितलं.

"हे बंद कोन करतं?"

"कोणी नाही. धबधबा आहे तो."

"रात्री पन चालूच?"

"रात्री पण."

"आगं बाई! चल, मला न्हाई बघवत."

शेजारीण नळ उघडा टाकून गप्पा मारायला लागली, की आई अशीच चुळबुळ करायची. परतीची जीप येईपर्यंत ती नदीकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या खेपेला धरणाचं तळं, रतनवाडीच्या अंगाला. काठाकाठानं तासभर चाललो. सोनकी फुलली होती, भात पिवळं पडायला लागलं होतं. अशा जागी लोक कविता करतात. आईनं विचारलं, "ह्यात किती टँकर बसतील?" मला सांगता येईना. हिला शिकवलं ते वायाच गेलं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. भाकरी खाऊन झाल्यावर तिनं त्या एवढ्या तळ्याच्या काठी बसून बाटलीतल्या घोटभर पाण्यात हात धुतले.

"अगं, तळं आहे समोर!"

"म्हनून सांडायचं व्हय?"

मला राग यायला लागला होता. मी मुळात तापट, आणि चार दिवस तर घरातही हेच चाललं होतं. तांदळाचं पाणी, भांड्यांचं पाणी ती बादलीत साठवायची आणि बादली भरली की दारात उभी राहून झाड शोधायची. झाडं सगळी ओलीच. शेवटी मी बादली हिसकावून मोरीत ओतली, तर दुपारभर माझ्याशी बोलली नाही.

सहाव्या दिवशी शेवटचा डाव. गावामागच्या डोंगरात एक बारका धबधबा होता, त्याला नावसुद्धा नव्हतं. तासाभराची चढण. आई चपला हातात घेऊन माझ्यापुढे चढली. वर गेल्यावर पाण्यात पाय सोडून खडकावर बसली आणि चक्क काही विचारलं नाही. म्हटलं, जमलं.

"आई, इथंच राहा. परत जाऊ नकोस. मला एकटीला करमत नाही गं."

"लिंबोनीला पानी कोन घालील?"

अंगणातली लिंबोणी दादांनी लावलेली, जायच्या आधीच्या पावसाळ्यात. जेमतेम गुडघ्याएवढी.

"शेजारच्या काकू घालतायत ना?"

"आठ दिवस घालतील. जल्मभर कोन घालतंय?"

"मग मी मोठी का ते झाड?" मी ओरडलेच.

आईनं विचार केला. खरोखरच केला. "तुज्याकडं लई पानी हाय," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. ती उठली, पिशवीतून तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन काढला आणि धबधब्याखाली धरला. भरल्यावर झाकण घट्ट लावलं. कशाला, ते मी विचारलं नाही. कॅन मात्र मीच खाली आणला. भांडण झालं तरी आईला ओझं कसं उचलू द्यायचं?

आठव्या दिवशी तिला एसटीत बसवलं. ती खिडकीशी, कॅन मांडीवर. कंडक्टर आला.

"मावशी, रॉकेल न्यायचं न्हाई गाडीत."

"पानी हाय ते." तिनं झाकण उघडून त्याच्या नाकाशी धरलं.

"पानी? तुमच्या गावात पानी न्हाई का?"

"हाय की, थोडं. हे लिंबोनीला हाय. आमच्या मालकांनी लावलीया ती. त्यांनी कदी धबधबा बघितला न्हवता."

कंडक्टरनं कॅन तिच्या मांडीवरून उचलला आणि स्वतःच्या सीटखाली, आडवा होणार नाही असा, नीट बसवून ठेवला.

मी खाली उभी होते. खिडकीच्या गजांतून हात घालून तिचा हात धरला. राहा, असं पुन्हा म्हणाले नाही.

"पोचल्यावर सगळं एकदम ओतू नकोस," मी म्हणाले.

"येडी हायस का?" आई म्हणाली. "रोज तांब्याभर."