येळवशीचा एका मिनिटाचा व्हिडिओ

नमस्कार. या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर भाजक्या शेंगा खात वाचले आणि मैत्रिणींना पाठवून हसले. भुताखेतांसाठी माझ्या डोक्यात कधी जागाच नव्हती. आता स्वतःच लिहायला बसलेय, तेव्हा तुम्हीही हसा... मी रागावणार नाही.

मी माकणीची. धरणाच्या कडेला आमचं शेत आहे. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि ते श्रेय नानाकाकांचं. नानाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, धाकटे भाऊ. लहानपणीच्या तापात त्यांचा डावा पाय अधू झाला होता. तरी माझं दप्तर खांद्यावर घेऊन ते रोज मला स्टँडपर्यंत पोचवायचे. एसटीनं हॉर्न दिला की मी घाबरायचे. ते म्हणायचे, "पळती कुठं? आपल्याला सोडून जाती व्हय ती? चल सावकाश." माझा शेवटच्या वर्षाचा निकाल त्यांनी ऐकला. पदवीचा फोटो बघायला मात्र ते राहिले नाहीत.

गेल्या वर्षी मी आणि माझी मैत्रीण तरन्नुम, दोघींनी व्हिडिओ आर्ट शिकायला सुरुवात केली. मोबाइलवरच. रील नाही बरं का! नाच नाही, गाणं नाही... नुसतं बघणं. माठातून पाझरणारं पाणी, भिंतीवर सरकणारं ऊन. मला वेडच लागलं होतं. आई म्हणायची, "पोरगी शिकली आन् माठाचं शूटिंग घ्याया लागली!" ऑनलाइन शिकवणाऱ्या मॅडमची एक निवासी कार्यशाळा होती. मोजकेच जण घेणार होत्या. त्यासाठी पाठवायचा होता एका मिनिटाचा, एकाच शॉटचा व्हिडिओ. अट एकच — कापायचं नाही, जोडायचं नाही. मला तिथं जायचंच होतं.

मी येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, निवडली. वेळा अमावास्येला आमच्याकडं सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, मिसळभाज्यांची भज्जी आणि ज्वारी-ताकाची आंबील खायची आणि वाटेनं जाणाऱ्यालाही बोलावून जेवू घालायचं. जेवणाआधी पिकाभोवती आंबील शिंपडतात. आमच्यात अण्णा पुढं शिंपडत, 'वलगे वलगे' असा पुकारा करत चालायचे. मागून आंबिलीचं मडकं घेऊन नानाकाका ओ द्यायचे. दरवर्षी अण्णा खेकसायचे, "बिगीबिगी चाल की! लोक उपाशी हायेत." आणि दरवर्षी काका मागंच राहायचे.

त्या दिवशी भर दुपारी मी कोपीसमोर स्टँडवर मोबाइल लावला, कोप आणि मागचा बांध फ्रेममध्ये घेतला, बटण दाबलं. अण्णा एकटेच मडकं घेऊन निघाले. ते अर्ध्या बांधावर असतानाच पाहुणे आले. मी वाढायला धावले आणि मोबाइल विसरले. आठवण झाली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. बघते तर मोबाइल सुरूच! माझं बोट घसरून टाइम-लॅप्स लागला होता. म्हणजे अख्खी दुपार मिनिटभरात.

तरन्नुमही येळवशीला आली होती; कोपीत बसून आम्ही दोघींनी तो लावला आणि मी ओरडलेच! काय सुंदर आलं होतं ते! ढग पळतायत, ज्वारी थरथरतेय, अण्णा एका रेघेसारखे बांधावरून निघून गेले, आई मुंगीसारखी आत-बाहेर करतेय...

"थांब," तरन्नुम म्हणाली. "हा कोण गं?"

अण्णांच्या मागं एक माणूस चालत होता. कमरेवर मडकं, खांद्यावर टॉवेल, डावा पाय ओढत. सगळी दुनिया पळत होती आणि तो मात्र साध्या, रोजच्या चालीनं चालत होता.

समजतंय का तुम्हाला? व्हिडिओत तो साधा चालतोय, म्हणजे प्रत्यक्षात त्याला एकेक पाऊल टाकायला केवढा वेळ लागला असेल! अख्खी दुपार तो त्या बांधावर होता. त्याच्या शेजारून पाहुणे गेले, तरन्नुम स्वतः हरभरा उपटून आली. कुणालाही कुणी दिसलं नाही.

"या अल्ला," ती म्हणाली. मग म्हणाली, "हे बघ, मॅडम म्हणणार तू जोडलंय. नंबर गेला तुझा. ती बाजू क्रॉप कर. ढग तर राहतेतच की."

तिचं बरोबर होतं. मी क्रॉप उघडलं, कड आत ओढली. तेवढ्यात मागून अण्णा वाकले. "काय बघालाव गं पोरींनो?"

मी कड सोडली आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला. अण्णांनी तो पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि एकदम हसायला लागले. डोळे भरलेले, तरी हसतायत.

"मेला तरी बिगी चालंना बघ! सगळ्या दुनियेला घाई, आन् आमच्या भावाला न्हाय!"

ज्या माणसानं मला स्टँडपर्यंत पोचवलं, त्याला कापून मी कुठं जाणार होते? आहे तसा पाठवला.

मॅडमचा फोन आला. आवाज कडक होता. "कुठलं ॲप वापरलंस? अट वाचली नव्हतीस?"

"मॅडम, मी काही केलेलं नाही."

त्यांनी मूळ फाइल मागवली. काही दिवसांनी पुन्हा फोन केला. "अगं, बांधावरच्या झाडाची सावली उन्हाबरोबर सरकते ना, तशी त्या माणसाचीही सरकतेय. हे असं जोडता येत नाही. निदान मला तरी येत नाही." मग म्हणाल्या, "तू ये. तू आल्यावर बोलू."

मी गेले! खूप शिकले. तिथल्या जाणकारांनी तो व्हिडिओ पुढं-मागं करून पाहिला. लेन्स, सेन्सर, उष्णता, सगळं बोलून झालं. कुणाचंच एकमत झालं नाही. माझंही माझ्याशी झालेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. व्हिडिओ संपतो तेव्हा तो माणूस निम्म्याच बांधावर असतो.

यंदाच्या येळवशीला पुन्हा मोबाइल लावला. त्यात फक्त आम्हीच, मुंग्यांसारखे. पण आंबिलीचं मडकं यंदा माझ्याकडं होतं. अण्णा शिंपडत इतके हळू चालले की कोपीतून आई ओरडली, "आज पोचताव का उद्या?" निम्म्या बांधावर अण्णा थांबले. मागं न बघता म्हणाले,

"आलाव का रे दोघंबी?"

मी म्हटलं, "आलोत, अण्णा. चला सावकाश."