ठकीचं डोहाळजेवण

माझ्या बायकोच्या मामांइतकी जमत आलेली लग्नं अख्ख्या ठाणे जिल्ह्यात कुणी मोडली नसतील. ती सगळी बीगल कुत्र्यांची होती, एवढंच काय ते त्यांच्या बाजूने बोलता येईल. माणसांच्या लग्नात मामा अगदी निरुपद्रवी असतात. अक्षता टाकतात, जेवतात आणि घरी जातात. पण कुणाकडे लांब कानांची, तिरंगी अंगाची बीगल आहे आणि तिला एकदा पिल्लं व्हावीत असं घरच्यांच्या मनात आलंय, एवढं कानावर पडायचा अवकाश, की बगलेत लाल पुठ्ठ्याची वही मारून मामा स्कूटरला किक मारतात. मग ते पोचतात, चपला काढायच्या आधी कुत्रीचे दात बघतात, आणि त्या घरातल्या लोकांचा पुढचा सहा महिन्यांचा आनंद संपतो.

वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली. समोर आलेला नग चांगला असू शकतो हे ते तत्त्वतः मान्य करतात, पण तसा नग त्यांना अजून भेटायचा आहे. मामी सांगतात, लग्नानंतर त्यांनी पहिल्यांदा केलेली आमटी चाखून मामा 'बघू' म्हणाले होते, आणि ते बघणं अजून चालू आहे. 'पास' हा शब्द त्यांच्या तोंडून कारखान्याबाहेर कुणी ऐकलेला नाही. निवृत्तीनंतर हातातून व्हॉल्व्ह गेले आणि त्या जागी बीगल आल्या. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरी कुत्रं नाही. पूर्वी कधीतरी होतं म्हणे. पण तो विषय काढला की मामी उठून स्वयंपाकघरात जातात आणि मामा तुमच्या कुत्रीच्या कानातला मळ दाखवायला लागतात.

आमच्या दुर्दैवाने आमच्या डोंबिवलीच्या घरी ठकी आहे. ठकी म्हणजे चार पायांवर ठेवलेली भूक. तिने आजवर दोन चपला, एक रेशन कार्ड आणि गणपतीसमोरचा अख्खा नारळ, शेंडीसकट, खाल्लेला आहे. तिच्यावर माझ्या बायकोचा जीव आहे, आणि ठकी चार वर्षांची झाली तेव्हा बायकोच्या मनाने घेतलं की हिच्यामागे हिचं एक पिल्लू तरी या घरात राहिलं पाहिजे. एवढीच साधी इच्छा होती. ती तिने कौतुकाने मामांना सांगितली, आणि त्या दिवसापासून आमचा रविवार आमचा राहिला नाही.

दर रविवारी सकाळी आठला बेल वाजायची. मामा ठकीला उचलून आमच्या वजनकाट्यावर उभे राहायचे, मग तिला माझ्या हातात देऊन एकटे उभे राहायचे, वजाबाकी करायचे आणि वहीत लिहायचे. मग हिरड्या, डोळे, कान, चाल. मग प्रश्न. हे प्रश्न विचारायला त्यांना जागेचं बंधन नव्हतं. एकदा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू आणि त्यांचे व्याही उभे असताना मामांनी माझ्या बायकोला खणखणीत आवाजात विचारलं, "अगं, शेवटचा माज नक्की कुठल्या तारखेला संपला?" ठकी तेव्हा वर घरात झोपलेली होती. जोशीकाकूंचे व्याही त्यानंतर वर्षभर जिन्याने जात होते.

त्यांचे नियम मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. दोन वर्षांच्या आत पिल्लं नाहीत. पहिल्या माजाला तर नाहीच. दोन वेतांमध्ये चांगलं वर्षभराचं अंतर. दोघांची रक्ततपासणी, कमरेच्या हाडांचे फोटो, डोळे, आणि वर तीन पिढ्यांचे कागद. पहिलं वेत मात्र पाच वर्षांच्या आत झालेलं बरं, हेही त्यांचंच म्हणणं. म्हणजे दार उघडं कधी ते मामा सांगणार आणि दारात आडवे मामाच उभे राहणार. पहिल्या स्थळाच्या वडिलांना फिट्स यायच्या, ते गेलं. दुसऱ्याचं सगळं उत्तम होतं, पण दोनपैकी एक अंड खाली उतरलेलं नव्हतं. हे मामांनी मालकाच्या दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर, ज्या तऱ्हेने तपासून सांगितलं, त्यानंतर त्या माणसाने आम्हाला पाणीही विचारलं नाही. तिसरं शहाडचं. तिथे रक्त जुळलं, हाडं जुळली, बायकोने पेढेसुद्धा नेले होते. मामांनी दोघांचे कागद शेजारी ठेवून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दोघांच्या बापांचा बाप एकच. हा हिचा चुलतभाऊ लागतो."

"मामा, कुत्र्यांमध्ये कोण बघतं हे?" बायको रडकुंडीला आली होती.

"कोणी बघत नाही, म्हणून तर त्यांची ही दशा," मामा म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा उचलून चपला घालायला लागले.

घरी आल्यावर बायको एकच वाक्य बोलली, "ती पाच वर्षांची होईल तरी यांचं बघून व्हायचं नाही." मलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर मला मामांचा संताप आला होता, आणि त्या संतापात आम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट केली, तिची लाज मला अजून वाटते. पुढच्या माजाच्या वेळी आम्ही मामांना सांगितलं की ठकी अजून माजावर आलेलीच नाही, आणि विठ्ठलवाडीच्या एका ओळखीच्या माणसाचा शेरू नावाचा बीगल दोन दिवस घरी आणला. रक्त नाही, हाडं नाहीत, कागद नाहीत. "आपला शेरू एकदम फिट आहे, टेन्शन नॉट," असं तो माणूस म्हणाला आणि आम्ही ते प्रमाणपत्र म्हणून घेतलं. त्यानंतरचे पाच रविवार आम्ही कुठे कुठे बाहेरगावी गेलो होतो ते मामांना फोनवर सांगताना मला भूगोल आठवावा लागायचा.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात ठकी बदलली. जेवणाच्या ताटावर झेप घालेना. शांतपणे कोपऱ्यात पडून राही. पाणी खूप प्यायची आणि पोट छान भरलेलं दिसायचं. आम्ही इतके खूश झालो की काय सांगू. बायको तिच्या कानात "आई होणार गं तू" म्हणायची. डॉक्टरांना दाखवलं तर मामांना कळेल, त्यांची आणि कल्याणच्या डॉक्टरांची ओळख आहे, म्हणून तेही टाळलं. उलट बायकोने डोहाळजेवण ठरवलं. पाट, रांगोळी, ठकीच्या गळ्यात हिरवा रुमाल आणि मोगऱ्याचा हार. मजल्यावरच्या बायका आल्या, कुणीतरी ओटी भरायची की नाही यावर वाद घातला, करंज्या झाल्या. बायकोने आनंदाच्या भरात फोटो स्टेटसला टाकला. हे स्टेटस मामीही बघतात, हे तिच्या लक्षात राहिलं नाही.

तासाभरात मामा दारात होते. डोक्यावर हेल्मेट तसंच. आता आपली सालटी निघणार म्हणून मी भिंतीला टेकून उभा राहिलो. पण मामांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते ठकीसमोर खाली बसले. ठकीने शेपटी एकदा हलवली आणि मान पुन्हा पाटावर टेकली.

"पाणी किती पितेय?"

"भरपूर पिते," बायको अजूनही कौतुकातच होती. "दिवसातनं पाच-सहा वेळा भांडं भरते मी."

"आणि खाणं?"

"कालपासून करंजीलासुद्धा तोंड लावलं नाही मामा. डोहाळे लागलेत ना."

मामांनी ठकीच्या हिरड्या बघितल्या, पोटावरून अगदी हलका हात फिरवला. "अगं, बीगल आहे ती," ते हळू म्हणाले. "बीगल जिवावर आल्याशिवाय करंजीला नाही म्हणत नाही. हार काढ तिचा. जावईबापू, गाडी काढा."

कल्याणच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पिल्लू एकही नव्हतं. गर्भाशय पुवाने भरलेलं होतं आणि ते ताबडतोब काढावं लागणार होतं. माज संपल्यावर काही आठवड्यांनी कुत्रींना हे होतं, नर लावला नसता तरी झालं असतं कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. पण आणखी एक दिवस गेला असता तर हाताशी काही उरलं नसतं, असंही म्हणाले. ठकीला आत नेलं. बायको भिंतीकडे तोंड करून रडत होती. मामा बाकावर बसले होते, हातात तो मोगऱ्याचा हार. 'मी सांगत होतो' हे शब्द आता येतील, मग येतील, म्हणून मी वाट बघत होतो. ते यायला हवे होते, मला ते हवे होते.

"माझ्याकडे होती एक," मामा म्हणाले. "राणी. पहिल्याच माजाला लावली मी तिला. मग दर माजाला. पिल्लं गोड व्हायची, लोक रांग लावून मागायला यायचे, मला भारी कौतुक. पाचव्या वेतात गेली. चार पिल्लं बाहेर आणि ही गेली. मामी दोन दिवस जेवली नव्हती." त्यांनी हार एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "कारखान्यात मी हजारो नग बाजूला काढले जावईबापू. घरात मला कुणी थांब म्हणालं नाही. म्हणून मी आपला लोकांच्या घरी जाऊन म्हणतो. लोक चिडतात, ते कळतं मला."

ठकी वाचली. तिचं पिल्लू आता या घरात कधी राहणार नाही. आणि त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आठ वाजता बेल वाजली नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. बायको दोनदा दार उघडून जिन्यात बघून आली. ज्या माणसाची बेल मला नकोशी व्हायची, त्याची मी चहा गार होईपर्यंत वाट बघत होतो. शेवटी मीच फोन केला.

"मामा, ठकीचं वजन राहिलंय."

"आता कशाला? वेत नाही, काही नाही. वही बंद केली मी तिची."

"ऑपरेशननंतर खा-खा सुटलीय तिला. जाड होतेय."

मग ते म्हणाले, "पोळी देताय ना चोरून?" आणि फोन ठेवला.

आले. ठकीला उचलून काट्यावर उभे राहिले, तिला माझ्या हातात दिलं, एकटे उभे राहिले, वजाबाकी केली. हिरड्या, डोळे, कान, चाल. मग तिला आडवी करून पोटावरची टाक्यांची रेघ बघितली. ती पूर्ण भरली होती. त्या रेघेवर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. ठकी त्यांच्या शर्टाचं बटण चावत होती, आणि ते चावू देत होते.

"पास," मामा म्हणाले.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पोळी या विषयावर मला पुढची वीस मिनिटं झापलं. मी सगळं ऐकून घेतलं.