मनिषाचा तिसरा प्रश्न

टिळकवाडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मनिषा स्क्रम मास्टर आहे. वडगावात तिच्या आईला, यशोदाबाईंना, वाटतं लेक कुणाची तरी मास्तरीण झाली. तसलं काही नाही. स्क्रम ही कामाची एक पद्धत, तिच्यात काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत करतात. एका तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. शेवटी जे झालं ते गिऱ्हाइकाला चालवून दाखवायचं. रोज सकाळी टीममधले पाचही जण पंधरा मिनिटं उभ्यानं बोलतात. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय? ती अडचण दूर करायची हे मास्टरचं काम, हुकूम सोडायचं नव्हे.

या वेळचं ॲप बोरगावकडच्या गोठेवाल्यांसाठी होतं, मोबाइलवरून जनावरांचा डॉक्टर बोलवायचं. डॉक्टरला निरोप पोचवायचा भाग तम्मण्णांकडे होता. वय बावन्न. मनिषाला कोड लिहायला त्यांनीच शिकवलं, इथं चिकटवलंही त्यांनीच. आणि मालकानं तिला एकटीला बोलावून सांगितलं होतं, हा स्प्रिंट फसला तर तम्मण्णांना घरी बसावं लागेल.

तिनं ते पोटात ठेवलं. बाकीच्यांना ती खोदून खोदून विचारायची, "आदर्श, कुठं अडलंय रं? खरं सांग." तम्मण्णांपाशी आली की जीभ जड व्हायची. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत तुमचं कुठं अडलंय म्हणून कसं विचारायचं? दोन प्रश्न झाले की "बरं अण्णा" म्हणून ती पुढच्याकडे वळायची. नऊ दिवस असंच चाललं. मनात धाकधूक होती, पण मान राखल्याचं समाधानही होतं. वेडीच म्हणायची!

दहाव्या दिवशी बोरगावच्या मंडळींसमोर ॲप उघडलं. गाय निवडली, वेळ निवडली, बटण दाबलं. डॉक्टरच्या फोनवर काहीच आलं नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. मालक उठून बाहेर गेला.

संध्याकाळी तम्मण्णा टेबल आवरत होते. मनिषाला रडू आवरेना. "अण्णा, एकदा बोलायचं तरी हुतं."

"तिसऱ्या दिवशीच अडकलतो गं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं. "आपणहून सांगायला लाज वाटली. म्हटलं, सगळ्यांना इचारतीस, मलाबी इचारशील. रोज वाट बघत हुतो." त्यांनी डबा पिशवीत घातला. "आत्ता आदर्शनं बघितलं. अर्ध्या तासाचं काम हुतं म्हणाला."