नानांच्या मृत्युपत्रातली माझी ओळ

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा माझा पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला होता. तातडीची कागदपत्रं मिळायलाही दोन दिवस लागले असते, आणि गावी कोणी तेवढं थांबणार नव्हतं. भर उन्हाळ्याचे दिवस. चुलतभावाने फोन धरला आणि इथे कुवेतला, सालमियातल्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी वडिलांना अग्नी देताना पाहिलं. मध्येच चित्र थांबलं. परत सुरू झालं तेव्हा माणसं पाठ फिरवून निघाली होती.

आमचं गाव नाशिकजवळचं. नानांची द्राक्षबाग होती, विहिरीकडे थोडं भाजीपाल्याचं रान होतं. कोणाचं देणं नाही, घेणं नाही. धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर शेती करायचा. मी लग्नानंतर नवऱ्यामागून कुवेतला आले आणि इथल्या भारतीय शाळेत हिंदी शिकवायला लागले, त्याला आता सोळा वर्षं होतील.

तेराव्यानंतर एका शुक्रवारी भावाचा फोन आला.

"ताई, नानांनी मृत्युपत्र करून ठेवलंय. रजिस्टर केलेलं. फोटो पाठवतो, बघून घे."

चार पानं होती. नानांच्या बोलण्याची लकब वकिलाच्या भाषेतूनही कळत होती. सगळी जमीन, विहीर आणि अवजारं मुलाला. पत्नीने हयातभर मागच्या खोलीत राहावे. लाकडी पलंग, तांब्याचा हंडा, पितळी डबे आणि तांबडी गाय तिची. गाईचे दूध तिने आपल्या मर्जीने वापरावे. मुलाने तिला दरवर्षी दोन पोती गहू आणि एक पोते बाजरी द्यावी. शेवटच्या पानावर मी होते. 'मुलीचे लग्न यथाशक्ती करून दिले आहे. ती परदेशात सुखात आहे. सबब तिला वेगळे काही ठेवलेले नाही.'

ते वाचलं तेव्हा माझा नवरा आठ महिने घरी बसून होता. शुवैखच्या ज्या गोदामात तो सुट्या भागांचा हिशोब ठेवायचा ते बंद पडलं होतं. आम्ही फ्लॅटमधली एक खोली दुसऱ्या कुटुंबाला दिली होती आणि मुलगी हॉलमध्ये झोपत होती. यातलं मी नानांना काहीही सांगितलं नव्हतं. दर शुक्रवारी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "बरं आहे ना?" मी म्हणायची, "मजेत आहोत, नाना." ते म्हणायचे, "मग झालं तर." मृत्युपत्रात माझंच उत्तर माझ्याकडे परत आलं होतं, खाली दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट. रागवायचं तरी कोणावर?

गोष्ट तिथेच संपली असती. पण भाऊ वारस नोंद करायला गेला तेव्हा कळलं की अर्धी जमीन आजोबांपासून आलेली आहे. ती नानांना एकट्याच्या मर्जीने देता येत नव्हती, तिच्यात माझाही वाटा निघत होता. वकिलाने सांगितलं, बहिणीचं हक्कसोडपत्र घ्या. मी तिकडे जाऊ शकत नसल्याने काकांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचं आणि ते इथल्या दूतावासातून साक्षांकित करून पाठवायचं, असं ठरलं. मसुदाही आला.

नवरा म्हणाला, "सही करू नकोस. आपल्याला गरज नाहीये का?"

गरज होती. मी चार दिवस काहीच कळवलं नाही. पाचव्या दिवशी भावाचा फोन आला आणि या वेळी त्याचा आवाज चढलेला होता.

"ताई, तू फोनवर होतीस, दवाखान्यात मी होतो. तीन महिने नानांना उचलून न्हाणीत नेत होतो. मी कधी म्हटलं का, तू ये म्हणून?"

ते खरं होतं. मी म्हटलं, "मला काही नको. विहिरीकडच्या रानाला आईचं नाव लाव. एवढं कर, मी लगेच सही करते."

तो म्हणाला, "आईलाच विचार."

आईला फोन लावला. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझं नाव कशाला गं घालतेस मध्ये? तू तिकडं, मला इथं राहायचंय. भाकरी सुनेच्या हातची खायची. पोराशी वैर घेऊन सातबारा उशाला घेऊ का?"

"आई, चाळीस वर्षं तू त्या रानात राबलीस."

"राबले. राबणाऱ्याचं नाव लागतं होय कुठं? कर सही."

मग मी सही केली. रविवारी, इथे तो कामाचा दिवस, शाळेतून परवानगी घेऊन दूतावासात गेले. रांगेत माझ्यापुढे रत्नागिरीकडचे एक चाचा होते, त्यांच्या हातातही असलाच कागद. भावाने घर बांधायला काढलंय, म्हणाले, आणि हसले. खिडकीतल्या माणसाने मला हिंदीत विचारलं, यात काय लिहिलंय ते समजलंय ना, स्वखुशीने करताय ना? मी हो म्हटलं. त्याने दोन ठिकाणी शिक्का मारला. बाहेर आले तर धुळीचं वादळ उठलं होतं, समोरचा रस्ता दिसत नव्हता. टॅक्सी मिळेपर्यंत मी कागदाची पिशवी ओढणीखाली धरून उभी राहिले.

भाऊ शब्दाला पक्का निघाला. मृत्युपत्रात होतं ते त्याने अक्षर न् अक्षर पाळलं आणि त्यापलीकडे काही केलं नाही. आई मागच्या खोलीत गेली. पलंग, हंडा, डबे तिच्यामागून गेले. गहू-बाजरी वेळेवर येत होती. गाय पुढच्या वर्षी आजारी पडून मेली. दुसरी गाय आणायचं मृत्युपत्रात नव्हतं. भाऊ रोज सकाळी दुधाची पिशवी खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि कामाला जायचा.

नवऱ्याला दुसरी नोकरी लागली, पहिल्यापेक्षा कमी पगाराची. दुसऱ्या कुटुंबाने खोली सोडली तेव्हा मी आईला महिनाभरासाठी बोलावून घेतलं. जानेवारी होता, इथली थंडी. आई विमानतळावर उतरली ती नानांची बंडी साडीवर घालून. माझी मुलगी तिला बिलगली आणि इंग्रजीत काहीबाही बोलत राहिली. आई प्रत्येक वाक्याला "हो गं बाई" म्हणत होती.

आमच्या घरात तिला करायला काही नव्हतं. आम्ही सगळे सकाळी बाहेर पडायचो आणि दुपारी मी परतले की ती सोफ्याच्या कडेवर बसलेली असायची, दुसऱ्याच्या घरी पाहुणं बसतं तशी. चार दिवसांनी तिला घेऊन रुमैथियाच्या बाजूला फिरायला गेले. रस्त्याच्या कडेला खजुराची झाडं एका ओळीत लावलेली आहेत. आई पहिल्याच झाडापाशी थांबली, वाकली आणि मातीत बोट घालून म्हणाली, "इथं पण ठिबक हाय गं!" मग ती पुढच्या झाडापाशी गेली, तिथली नळी तपासली. तिसऱ्या झाडाचं छिद्र बुजलं होतं. तिने केसातली पिन काढून ते मोकळं केलं. कुवेतमध्ये तिचा चेहरा उजळलेला मी तेवढाच पाहिला.

बाकावर बसल्यावर मी विचारलं, "आई, नानांनी माझ्याबद्दल ते का लिहिलं?"

ती रस्त्याकडे बघत होती. "त्यांनी नाही लिवलं. त्यांना तुझ्या नावापाशी आल्यावर काही सुचंना. वकील थांबलेला. मीच म्हणले, लिवा, सुखात आहे."

"तुला वाटत होतं तसं?"

"न्हाई."

तीच पुढे म्हणाली, "तू फोनवर मजेत म्हणायचीस ना, तवा आधी एकदा श्वास घ्यायचीस. त्यांना ऐकू कमी यायचं. मला यायचं."

"मग तसं का सांगितलंस?"

"आणि काय सांगायचं? दुःखात आहे? साक्षीदार म्हणून गावातली दोन माणसं बसलेली. चहापर्यंत सगळ्या गावात झालं असतं. तुला वाटा नाही मिळाला ते नाही मिळाला. निदान नाव तरी बरं राहिलं."

मला तिचा राग आला, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. माझं नाव राखायला तिने माझा हक्क घालवला, असं मला त्या बाकावर वाटलं. पण त्याच क्षणी हेही कळत होतं की तिने स्वतःसाठी तर नावही मागितलं नव्हतं. दोन पोती गव्हाचं तिनेच सांगितलं का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तिचे हात थंडीने गार पडले होते, म्हणून आम्ही उठलो.

महिना संपायच्या आतच ती परत गेली. तिकीट बदलून मागितलं. तिकडे खोलीला कुलूप आहे, उंदीर होतील, म्हणाली.

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसले असताना भावाचा फोन आला. बाग म्हातारी झाली, मजूर मिळत नाहीत, त्याने सगळे वेल काढून टाकले. विहिरीकडचं रान विकायचा सौदाही झाला होता. माझ्या सहीची आता कुठे गरज नव्हती. सांगायचं म्हणून सांगितलं, म्हणाला, आणि त्याचा आवाज दमलेला होता.

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं. सकाळी जेसीबी आला तेव्हा दार लावून आत बसली होती."

"जेवली का?"

"माहीत नाही ताई. तिचं ती करून खाते."

घंटा झाली. माझा सातवीचा तास होता. मी वह्या उचलल्या आणि वर्गात गेले.