वाढत्या मापाचे बूट

पन्नाशीला आलेली बाई घोड्यावर बसायला शिकते म्हणजे सोसायटीच्या मते तिच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो. पद्मजाबाईंनी त्या मताला कधी भीक घातली नाही. आठवडाभर शाळेत भूमिती शिकवायची आणि रविवार उजाडला की लोणी काळभोरच्या पुढच्या क्लबात जाऊन रेवावर बसायचं. रेवा ही क्लबाची तांबडी घोडी, वयानं पोक्त आणि भलतीच तिरसट. दोघींचं जमलं ते काही उगाच नाही.

उन्हाळ्यात उडी घेताना रेवाचा मागचा खूर तिच्याच पुढच्या पायावर आदळला. नडगीमागची नस सुजली, घोडी कितीतरी दिवस लंगडत होती. क्लबाचे मालक अभय सर म्हणाले, "दिवाळीनंतर तीन उड्या घेऊन बघू. जमल्या तर राहील. नाहीतर वरातवाला मागतोच आहे." बँडच्या गोंगाटात, फटाक्यांच्या माळांत रेवा! तिच्या नडग्यांना बांधायचे चांगले बूट मी आणते, असं पद्मजाबाई बोलून बसल्या.

कॅम्पातल्या दुकानदाराचं त्यांनी डोकं खाल्लं. फरचे बूट दिसायला गोंडस, पण पाय सगळा झाकतात, आत घाम साचून नस तापते. दुसरे मागून टणक आणि पुढून उघडे. मागच्या टापेचा मार अडतो, आणि पुढून अडथळ्याचा दांडा लागला तर घोडीला कळतं, पुढच्या खेपेला ती पाय उचलून घेते. बाईंनी दुसरे निवडले, अगदी बरोबर निवडले. आणि मग माती खाल्ली. मधलं माप अंगासरशी बसणारं होतं, तर म्हणाल्या, "याच्या वरचं द्या." दोन मुलांचे गणवेश, चपला, स्वेटर, सगळं वाढत्या अंगाचं घेऊन घेऊन हाडीमाशी खिळलेली सवय ती!

"मॅडम, घोडी अजून वाढणार आहे का?" दुकानदारानं विचारलं.

"आवळलेलं नको. पट्ट्या आहेत की ओढायला," असं म्हणून बाईंनी विषय संपवला.

उड्यांच्या दिवशी उभ्या घोडीच्या पायात बूट बरे दिसत होते. पहिली उडी झकास. दुसरीही. वळणावर मात्र काहीतरी फटफटू लागलं. बाईंनी खाली पाहिलं. डावा बूट फिरून पार खुरावर घसरला होता. नस उघडी, आणि सुटलेली पट्टी टापेखाली येतेय. समोर तिसरा, सगळ्यात उंच अडथळा. थांबावं तर वरातवाला, उडी घ्यावी तर पाय जायचा. एकच तर उडी, असं मन म्हणत होतं. हातांनी लगाम खेचला.

"थांबली!" अभय सर ओरडले.

"थांबली नाही, मी थांबवली!" बाई खाली उतरल्या. "बूट मोठे आणले मी. चूक माझी आहे, तिची नाही. पुन्हा संधी द्या तिला."

अभय सरांनी बूट उलटसुलट करून पाहिला. "आपण भूमितीच शिकवता ना?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तनया नावाची कॉलेजातली मुलगी क्लबात रोज घोडा चालवायची. "काकू, माझ्या घोड्याचे घ्या, मधलं माप आहे," ती म्हणाली. ते नेमके बसले. बाईंनी रिकिबीत पाय घातला, तोच अभय सरांनी लगाम धरला.

"हात बघा तुमचे." हात थरथरत होते. "हे तिला लगामातून कळणार. तिन्ही उड्या पुन्हा घेऊ, पण तनया बसेल. आणि जमलं, तर यापुढेही तनयाच. मला रोज येणारं माणूस हवंय, रविवारचं नको."

इतका संताप बाईंना उभ्या आयुष्यात आला नव्हता. आणि तोंड उघडायची सोय नव्हती. त्यांनी रिकिबीतून पाय काढला.

"बस गं," त्या तनयाला म्हणाल्या. "डाव्या वळणावर ती मान खाली टाकते. तेव्हा ओढू नकोस, सैल सोड."

कठड्याची बल्ली घट्ट धरून त्या बघत राहिल्या. पहिली उडी, दुसरी. डाव्या वळणावर रेवानं मान टाकली, तनयानं लगाम सैल सोडला, आणि तिसऱ्या दांड्यावरून घोडी अलगद पलीकडे गेली.

"राहू दे हिला," अभय सर म्हणाले.

बाईंनी खाली बसून रेवाचे बूट काढले. नसेवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. पाय गार होता, सूज नव्हती. मग तिथेच मातीत बसून त्या हमसून हमसून रडल्या. तनयाला वाटलं, आनंदानं रडताहेत. तोही होताच.